आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञ व्हायचे असेल, तर प्रवेशाआधी तास विचारा

बारावीचा निकाल लागला की लातूर, नांदेड, बीड या शहरांत पॅरामेडिकल अभ्यासक्रमांच्या जाहिराती झळकू लागतात आणि काही महिन्यांत रुग्णवाहिकेवर नोकरी मिळेल, या आशेने शेतकरी कुटुंबे उसनवारी करून शुल्क भरतात. ग्रामीण रुग्णालयाच्या अपघात विभागात परिचारिका म्हणून काम करताना अशी मुले मला नेहमी भेटतात, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

संसदेने २०२१ मध्ये संलग्न व आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला आणि त्याच्या अनुसूचीत आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञाचा समावेश केला. अशा तंत्रज्ञासारख्या संलग्न, म्हणजे निदान-उपचारांत साहाय्य करणाऱ्या, आरोग्य व्यावसायिकाची पदविका किंवा पदवी किमान २००० तासांची आणि दोन ते चार वर्षांत विभागलेली असावी, असे या कायद्यात म्हटले आहे. त्यात राज्य परिषदांमार्फत नोंदणीचीही तरतूद आहे. कौशल्य विकास योजनेतील अल्प मुदतीचे प्रमाणपत्र या पदविकेची जागा घेऊ शकत नाही. बीएलएस (प्राथमिक जीवरक्षण) आणि एसीएलएस (हृदयविकारातील प्रगत जीवरक्षण) या छोट्या प्रशिक्षणांची दोन वर्षे वैध असणारी कार्डे उपयोगाची खरीच, पण तो व्यवसायाचा परवाना नव्हे.

एवढे तास कशाला, असे पालक विचारतात. गाळप हंगामात रात्री उसाच्या ट्रॉलीवर मागून दुचाकी आदळते, तेव्हा जखमीला चौघांनी हातापायाला धरून उचलणे ही आपल्याकडची सर्रास पद्धत आहे. प्रशिक्षित तंत्रज्ञ मात्र आधी त्याच्या डोक्याशी गुडघे टेकून बसतो, दोन्ही हातांनी डोके व मान सरळ रेषेत स्थिर धरतो आणि त्याने इशारा दिल्यावरच बाकीचे जखमीला एकसंध कुशीवर वळवून खाली फळी सरकवतात. हृदय बंद पडले, तर मिनिटाला १०० ते १२० या गतीने छाती ५ ते ६ सेंटिमीटर दाबायची असते. दोन मिनिटांत हात थकतात, दाब उथळ होऊ लागतो, म्हणून माणूस बदलावा लागतो. सर्पदंशात चिरा देणे, घट्ट आवळून बांधणे टाळून अवयव स्थिर ठेवणे आणि दंशाची वेळ नोंदवणे, हेही अंगवळणी पडावे लागते. फळ्यावर शिकून हे हातात येत नाही.

नोकरीबाबतही स्पष्टता हवी. महाराष्ट्रात २०१४ पासून सुरू असलेल्या १०८ सेवेच्या रुग्णवाहिकांवर डॉक्टर असतात आणि त्यांत आयुर्वेद पदवीधरांची संख्या मोठी आहे. त्यामुळे तंत्रज्ञाने खासगी रुग्णालये, त्यांच्या रुग्णवाहिका आणि कारखान्यांतील प्रथमोपचार केंद्रे यांचाही विचार करावा.

शुल्क भरण्यापूर्वी संस्थेला अभ्यासक्रमाची मान्यता कोणाची, पदविकेवर नोंदणी होते का आणि अपघात विभागात व रुग्णवाहिकेवर प्रत्यक्ष किती तास काम करायला मिळेल, हे लेखी मागावे. रुग्णालयाशी झालेला करारही पाहावा आणि शक्य असल्यास त्या रुग्णालयात जाऊन तिथे विद्यार्थी खरोखर येतात का, याची चौकशी करावी.