साडेसहा हजारांहून जास्त आराखडे आणि मामांचा एक प्रश्न

2022 च्या ऑक्टोबरात गांधीनगरच्या डिफेन्स एक्स्पोत 'मिशन डेफस्पेस' जाहीर झालं, संरक्षणासाठीच्या अवकाश तंत्रज्ञानाची 75 आव्हानं घेऊन. तेव्हाच मनाशी ठरवलं, एम.ई.चा प्रबंध याच वाटेनं करायचा. टेहळणीच्या उपग्रहांचा ताफा उभारायचा तर किती उपग्रह, कोणत्या उंचीवर, कॅमेरा की रडार, हा अगदी सुरुवातीचा आराखडा संगणकाकडून काढून घ्यायचा.

हातानं एक पर्याय तपासायला मला अर्धा दिवस लागायचा. प्रोग्रामला मी 250 ते 600 किलोमीटरपर्यंत आठ उंच्या दिल्या, कक्षेचे सहा कल (विषुववृत्ताशी कक्षेचा कोन), कक्षांच्या प्रतलांचे (उपग्रह ज्या सपाट पातळीत फिरतो ती) सहा आकडे, दर प्रतलात एक ते आठ उपग्रह आणि तीन सेन्सर. सगळे मिळून 6912 आराखडे. बडोद्यात डांडिया बाजारातल्या आमच्या माडीवर लॅपटॉप रात्रभर चालला.

सकाळी पाहतो तर यादीत अव्वल आलेले सगळे पर्याय 250 किलोमीटरवरचे! जवळून चित्र स्पष्ट येतं, म्हणून त्यानं तेच निवडलं. तिथल्या विरळ हवेचा अडथळाही एवढा असतो की सतत इंधन जाळलं नाही तर उपग्रह काही आठवड्यांत खाली येतो. ते इंधन मी खर्चात धरलंच नव्हतं. दुरुस्तीत चार दिवस गेले. पावसाळ्याचे ढग घातल्यावर नुसत्या कॅमेऱ्याचे पर्यायही मागे पडले. रडार ढगांतून आणि रात्रीही पाहतं, पण त्याला वीज फार लागते.

खरी अडचण मामांनी दाखवली. ते सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले, सिग्नल्समध्ये होते. रविवारी सेव-उसळ खाताना मी कौतुकानं सांगितलं, "मामा, एका ठिकाणावर सरासरी दोन तासांनी नजर पडते."

मामांनी पाव खाली ठेवला. "सरासरी? रात्री लागोपाठ गस्ती घातल्या आणि पहाटे एकही नाही, तरी सरासरी तीच येईल की. सगळ्यात मोठी खिंड, म्हणजे कुणाचीच नजर नाही असा वेळ, केवढी, ते सांग."

तडक वर जाऊन आकडे काढले. खिंड नऊ तासांची! 500 किलोमीटरवरचा उपग्रह दिवसात पंधराएक फेऱ्या मारतो. कल कमी असला की त्यातल्या काही लागोपाठ भारतावरून जातात, मग पृथ्वी फिरते आणि तो कित्येक तास दुसरीकडेच असतो. सगळे उपग्रह दोनच प्रतलांत कोंबले होते, म्हणून सगळेच एकदम गायब व्हायचे. त्यांना जास्त प्रतलांत विखुरलं की खिंड भरते, पण एका रॉकेटनं साधारण एकच प्रतल साधतं, त्यामुळे प्रक्षेपणं वाढतात. सुरुवातीलाच तोलायला हवं ते हेच, आणि माझा प्रोग्राम ते झाकून ठेवत होता.

मग निकष बदलला: खर्च आणि सर्वांत मोठी खिंड. एका बाबतीत सुधारायचं तर दुसरीत मार खावाच लागेल, असे 23 आराखडे उरले. मामांबरोबर ते ओसरीवर बसून एकेक पाहिले.

आता प्रोग्राम सुरू केला की पहिला रकाना येतो: 'जास्तीत जास्त किती वेळ आंधळं राहिलेलं चालेल?' तो भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. पुढचं काम जमिनीवरच्या केंद्रांचं. टिपलेलं चित्र खाली यायला लागणारा वेळ मी अजून त्या खिंडीत धरलेला नाही.