खिडकी उघडायची की लावायची

दुपारी तीनच्या सुमाराला जमिनीवर उन्हाचा चौकोन पडतो. रोजचाच, पण आज त्याचा रंग चुकलाय. पिकल्या पपईची फोड कुणी सारवल्यासारखा दिसतोय. अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यातल्या सिॲटलमध्ये चार-पाच उन्हाळे काढलेल्या माणसाला यापुढे बातम्या लावाव्या लागत नाहीत. डोंगरापलीकडे कुठेतरी जंगल पेटलंय आणि वारा पूर्वेचा आहे. धुराचे बारीक कण निळा प्रकाश वाटेतच उधळून टाकतात, उरलेला तांबडा-पिवळा आपल्या जमिनीवर येऊन बसतो.

चौकोन सुंदर असतो, हे कबूल करायला हवं. अडचण पुढची असते. उकडायला लागलं की हात आपोआप खिडकीच्या कडीकडे जातो. आणि धूर आला की? तोच हात, तीच कडी, फक्त दिशा उलटी. चुलीवर काही करपलं की खिडकी उघडायची आणि रस्त्यावर पाचोळा पेटवला की लावायची, एवढं शिक्षण आपल्याला उपजत असतं. दोन्ही एकाच वेळी आलं तर काय करायचं, हे मात्र कुणी शिकवलेलं नसतं.

आणि इथे ती दोघं बरेचदा एकाच गाडीने येतात. शहराच्या पश्चिमेला समुद्राची खाडी, पूर्वेला कॅस्केड पर्वताची रांग. एरवी वारा पश्चिमेचा, पॅसिफिकवरून गार होऊन आलेला. इथली घरं त्या वाऱ्याच्या भरवशावर बांधलेली आहेत, म्हणूनच २०१९ सालच्या सरकारी पाहणीतसुद्धा निम्म्याहून कमी घरांत एसी सापडला. कधीतरी हवेचा दाब असा काही बसतो की वारा फिरतो आणि कॅस्केड ओलांडून खाली उतरायला लागतो. कोरडी हवा खाली येताना दाबली जाते आणि किलोमीटरमागे साधारण दहा अंशांनी तापते. येताना वाटेतल्या जंगलांचा धूरही बरोबर घेते. (कधी धूर इतका दाट होतो की तो उन्हालाच आडवा येतो. मग तापमान अंदाजापेक्षा कमी भरतं आणि हवामान खात्याची पंचाईत होते. सप्टेंबर २०२० मध्ये असे दिवस पाहून झाले.)

तापमानाचाही इथे एक मराठी घोळ आहे. फॅरनहाइट आपण फक्त तापासाठी वापरतो. शंभर म्हणजे शाळेला सुट्टी, एकशे दोन म्हणजे कपाळावर मिठाच्या पाण्याच्या घड्या, एकशे चार म्हणजे रात्री डॉक्टरांचं दार वाजवायचं. जून २०२१ च्या २६, २७ आणि २८ तारखांना सिॲटलचा पारा १०२, १०४ आणि १०८ होता. मराठी डोक्याला ते हवामान वाटलंच नाही, शहर तापाने फणफणलंय असं वाटलं. महामार्गाचं काँक्रीट फुगून उचकटलं. सेल्सिअसमध्ये सांगायचं तर शेवटच्या दिवशी ४२.२.

हा आकडा नागपूरला फोनवर सांगू नये. "बेचाळीसच ना बाप्पा! एवढ्यात काय होते!" असं उत्तर येतं आणि ते नागपूरपुरतं खरंही आहे. नागपूरचं घर उन्हाला ओळखून असतं: जाड भिंती, उंच छत, गच्चीवर शिंपडायला पाणी, अंगणात कडुलिंब. सिॲटलचं घर लाकडी सांगाड्याचं, भिंतींत कापसासारखं काहीतरी ठासून भरलेलं. हिवाळ्यात आतली ऊब बाहेर जाऊ नये हा त्यामागचा हेतू, आणि तो हेतू जूनमध्येही तितक्याच इमानाने पाळला जातो. त्यात सूर्य मावळतो रात्री नऊ वाजून गेल्यावर, म्हणजे पश्चिमेची खिडकी जेवणं उरकेपर्यंत तापत असते. तिसऱ्या दिवशी असं घर बाहेरच्यापेक्षा जास्त गरम असतं आणि रात्रभर निवत नाही.

नागपूरवरून सल्लेही येतात. माठ भर, कांदा ठेव, कूलर लाव. कूलर! हा शब्द ऐकला की विदर्भातल्या कुणालाही वास येतो, आकृती नंतर दिसते. वाळ्याच्या ताट्यांवर पहिल्यांदा पाणी पडतं तो वास. खिडकीबाहेर लोखंडी पेटी, आत पंप, नव्या गवताचे पिवळे थेंब पहिल्या दिवशी भिंतीवर उडालेले, टाकीत पाणी कुणी ओतायचं यावरून भावंडांत मारामारी. दुपारी दोन ते पाच अख्खं घर त्या एका खिडकीसमोर सतरंजीवर आडवं. मधे कुणी उठलं की त्याची जागा गेली. समोरची जागा आजोबांची. तिच्यावर कुणी हक्क सांगत नसे, पण ते उठले की तिथे आधी कोण पोचतं याची शर्यत मात्र असे.

तर तो कूलर धुराच्या दिवसात चालत नाही. थंडावा येतो तो बाहेरची हवा ओल्या गवतातून आत ओढून. तेच त्याचं काम. बाहेर धूर असेल तर तो धूर ओढतो, थंड करून, थोडा ओला करून, थेट उशाशी आणून सोडतो. ओल्या गवतात धूळ अडकते, पण धुरातले जे कण फुप्फुसात खोल जातात ते अडीच मायक्रॉनहून लहान असतात. डोक्याचा एक केस त्यांच्या वीस-तीस पट जाड. नाकाला बांधलेला ओला रुमालही याच कारणाने कुचकामी. बाहेर पडायचंच असेल तर एन-९५, दोन्ही पट्टे डोक्यामागे आणि नाकावरची पट्टी दाबून बसवलेली. दाढी असेल तर तोही कडेने गळतो, मग दाढी आणि फुप्फुस यांतलं काय प्रिय आहे ते ज्याचं त्याने ठरवावं.

माठाचं मात्र नागपूरकरांचं बरोबर. पूर्वेचा वारा कोरडा असतो, माठ झकास निवतो. बादलीत पाय सोडून बसणं, हात कोपरापर्यंत गार पाण्यात ठेवणं, ओला पंचा मानेवर टाकणं, याला कुठल्याच हवेची आडकाठी नाही. पंखा पस्तीस अंशांपर्यंत ठीक. खोली त्याच्या वर तापली की कोरड्या अंगावर तो गरम हवाच मारतो. तेव्हा अंग ओलं करून मग पंख्यासमोर बसायचं. आणि पडदा लावायचा तो काचेच्या बाहेर. आतल्या पडद्यापर्यंत ऊन पोचलं म्हणजे ते घरात आलेलंच असतं. पश्चिमेच्या खिडकीबाहेर जुनी चादर चार खिळ्यांवर टांगली तर आतल्या भारी पडद्यापेक्षा जास्त फरक पडतो. आपल्याकडे बांबूच्या चिका व्हरांड्यात बाहेरच्या अंगाला असतात त्या काही शोभेला नाहीत.

एसीचं प्रकरण जरा गुंतागुंतीचं. इथल्या बऱ्याच खिडक्या आडव्या सरकतात किंवा दांडी फिरवून उघडतात, त्यात खिडकीचा एसी बसत नाही. म्हणून लोक चाकावरचा, सोंडवाला एसी आणतात. सोंड म्हणजे खिडकीबाहेर काढलेला हवेचा जाड पाइप. सोंड एक असते किंवा दोन. एक सोंडवाला स्वस्त असतो आणि तिथेच गोम आहे. तो खोलीतलीच हवा घेऊन, गरम करून, सोंडेतून बाहेर फेकतो. जितकी हवा बाहेर गेली तितकी कुठून तरी आत यायलाच हवी, मग ती दारांच्या फटींतून, स्नानघराच्या झरोक्यातून, विजेच्या बोर्डाच्या भोकांतून येते. धुरासकट. खोली गार होते आणि घरभर होळीचा वास. दोन सोंडवाला बाहेरचीच हवा आत घेऊन बाहेर टाकतो, त्याला ही खोड नाही. एक सोंडवालाच असेल तर घरात हवा गाळणारं काहीतरी सतत चालू ठेवावं लागतं. खिडकीचा एसी असलाच तर ताज्या हवेची खिट्टी बंद आहे ना ते पाहायचं. बहुतेकांना अशी खिट्टी असते हेच ठाऊक नसतं.

हवा गाळणारं काहीतरी म्हणजे खोका. ऑगस्ट २०२० मध्ये, कोविडच्या दिवसांत, घरातल्या हवेचे अभ्यासक रिचर्ड कोर्सी आणि फिल्टर बनवणारे जिम रोझेन्थल या दोघांनी तो लोकांपुढे आणला आणि महिन्याभरात पश्चिम किनाऱ्यावर धूर उतरला. वीस इंची चौकोनी बॉक्स फॅन, फर्नेसचे (घर तापवणाऱ्या भट्टीचे) वीस बाय वीसचे चार फिल्टर, पुठ्ठा, डक्ट टेप. फिल्टरवर मर्व्ह १३ लिहिलेलं हवं (फिल्टर किती बारीक कण अडवतो याचं हे माप), त्याखालचा धुराला पुरत नाही. जाडी दोन इंच असेल तर उत्तम, एक इंचवाला लवकर तुंबतो. वीस म्हणून विकतात तो भरतो साडेएकोणीस, तेव्हा मोजून पुठ्ठा कापलात तर फसाल, आधी जुळवून मग कापा. चारही फिल्टर उभे करून चौक करायचा. प्रत्येकाच्या कडेवर बाण असतो, चारही बाण आत. निम्मे खोके इथेच बिघडतात, कारण तीन आत आणि एक बाहेर हे बाहेरून लक्षातच येत नाही. तळाला पुठ्ठा, वर पंखा, पंख्याचं तोंड आभाळाकडे. सगळ्या सांध्यांना टेप, कारण हवा फार आळशी, फट दिसली की फिल्टरला वळसा घालून तिथूनच घुसते. शेवटी पंख्याच्या वर पुठ्ठ्याची चौकट, मधे साधारण पंधरा इंचांचं गोल भोक. हे नटवणं नव्हे. पंख्याची पाती गोल, चौकट चौकोनी, म्हणून वर फेकलेली हवा कोपऱ्यांतून परत खाली ओढली जाते. कोपरे झाकले की तोच खोका जास्त हवा गाळतो. पंखा २०१२ नंतरचा घ्यावा, प्लगमध्ये फ्यूज असलेला. भिंतीला चिकटवून ठेवू नये.

खोका दिसायला भयंकर असतो आणि पूर्ण वेगावर पिठाच्या गिरणीसारखा आवाज करतो. रात्री मधल्या वेगावर चालतो. वास मात्र तो काढत नाही. कण गेले तरी वास राहतो, त्याला कोळशाचा फिल्टर लागतो, तेव्हा वास येतोय म्हणून खोका निकामी ठरवू नये. दहा-बारा दिवसांच्या दाट धुरानंतर पांढरे फिल्टर काढून पाहावेत. बाहेरच्या अंगाला घड्यांच्या टोकांवर चहाच्या गाळणीसारखा तपकिरी थर, आत घडीच्या तळाशी अजून पांढरं. बोट फिरवलं तर काही लागत नाही, नुसता रंग. तोही उन्हाच्या चौकोनाचा चुलतभाऊच. आणि हे सगळं जूनमध्ये आणून ठेवायचं. धूर आल्याच्या तिसऱ्या दिवशी दुकानात फिल्टरच्या फळीवर फक्त किमतीची चिठ्ठी उरते.

मग खिडकीचं काय? एसी असेल तर खिडकी लावा. नसेल आणि घर तापलं असेल तर उन्हाचं ऐकायचं, धुराचं नंतर. पहाटे चार-पाचला, बाहेर सगळ्यांत गार असताना, उघडायची, खोका चालू ठेवून, आणि घर निवलं की परत लावायची. तेवढ्यानेही भागत नसेल तर एसी असलेल्या जागी जाऊन बसायचं. शहरातल्या सगळ्याच वाचनालयांना एसी असेल असं नाही आणि फार तापलं की नेमकी बिनएसीची बंद होतात, म्हणून निघण्याआधी फोन करायचा. त्या जून २०२१ च्या आठवड्यात सीमेपलीकडच्या, कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात उष्णतेने ६१९ माणसं गेली. त्यांतली जवळजवळ सगळी घरात गेली, रस्त्यावर नाही. निम्म्याहून अधिक एकटी राहणारी होती. तेव्हा फोन फक्त वाचनालयाला करून भागत नाही. वरच्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या आजींच्या दारावर दुपारी एकदा आणि रात्री एकदा टकटक करायची. "बरी आहे" एवढ्यावर परतायचं नाही, आत जाऊन खोली किती तापलीय ते पाहायचं.

स्वयंपाकघर हा आपल्या लोकांचा वेगळा अध्याय. लसणाची एक खमंग फोडणी बंद घरात पाच मिनिटांत बाहेरच्या धुराची बरोबरी करते. झरोक्याचा पंखा लावावा तर तो हवा बाहेर टाकतो, म्हणजे तितकीच धुरकट हवा आत येते. आणि बऱ्याच भाड्याच्या घरांत तर तो पंखा बाहेर टाकतच नाही, धूर जाळीतून फिरवून परत आपल्याच कपाळावर सोडतो. धुराच्या दिवसांत दहीपोहे, ताकभात, काकडी. उदबत्तीला सुट्टी, देवाला निरांजन पुरतं. ऑगस्ट २०१८ मध्ये धूर ऐन श्रावणात आला होता, तेव्हा हे पथ्य निदान उपासात खपून गेलं.

२०२२ मध्ये नाही खपलं. कॅस्केडमधल्या बोल्ट क्रीकची आग सप्टेंबरात लागली ती विझायला तयार नव्हती. १६ ऑक्टोबरला पारा ८८, म्हणजे ३१ अंश. ऑक्टोबर हीट हा शब्द इतक्या उत्तरेला न्यावा लागेल असं कुणाला वाटलं होतं? १९ तारखेच्या सुमाराला जगातल्या मोठ्या शहरांत सिॲटलची हवा सर्वांत वाईट म्हणून झळकली. आणि दिवाळी पाच दिवसांवर. रेडमंड-बेलव्ह्यू या उपनगरांतल्या घरांत भाजणी दळून तयार, आणि चकल्या तळायच्या कशा? तळणाचा धूर घालवायला खिडकी उघडायची, तर बाहेरचा आत.

शुक्रवारी २१ तारखेला पाऊस आला. त्या दिवशी वसुबारस होती. वारा फिरून पश्चिमेचा झाला, धूर काही तासांत धुऊन गेला. आता घरात तळणाचा वास, बाहेर ओल्या मातीचा, आणि खिडकी सताड उघडी.

अर्धा तासच. पुढे गारठा आत यायला लागला, म्हणून लावली.