लाखभर किलोमीटर पळालेल्या गाडीचं ऑइल

पर्वरी-पणजीसारख्या ४-५ किलोमीटरच्या फेऱ्यांत इंजिन धड तापतच नाही. त्यात गोव्याचा पावसाळा! आत धरलेलं पाणी उडून जात नाही आणि ऑइल भरायच्या झाकणाखाली दुधाळ, लोण्यासारखा थर बसतो. कूलंट कमी होत नसेल तर घाबरू नका, आठवड्यातून एकदा मडगावपर्यंत सलग पळवा. कूलंटही घटत असेल तर मात्र हेड गॅस्केट (इंजिनच्या वरच्या भागाखालचं सील) तपासून घ्याच.

डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी मोजायची पट्टी, दर १५ दिवसांनी बघा. गाडी सपाट जागी, इंजिन बंद करून १० मिनिटं थांबून. टॉपअप २०० मिलिलिटरच्या टप्प्याने करा. वरच्या खुणेपुढे गेलं की क्रँकशाफ्ट (इंजिनमधला फिरता दांडा) ऑइल घुसळून फेस करतो, ऑइलचा दाब कमी होतो.

निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. सकाळी स्टार्ट करताना आला तर बहुधा व्हॉल्व्ह सील गेलेत, चढावर जोर देताना आला तर पिस्टन रिंग. लगेच २०डब्ल्यू-५० हे जाड ऑइल ओतू नका, मॅन्युअलमध्ये चालतं म्हटलेल्या ग्रेडांपैकीच जाड निवडा.

जुन्या गाडीचं ऑइल ५,००० किलोमीटर किंवा ६ महिन्यांनी बदला, जे आधी येईल ते. फिल्टर दर वेळी नवा. जुन्याचं रबर इंजिनला चिकटून राहिलं नाही ना, बोट फिरवून बघा. दोन रबरं एकावर एक बसली की ऑइल भळाभळा गळतं.