बोटीने बेटं फिरलो, आणि नांगर टाकायला शिकलो

स्वतःची मोटरबोट घेऊन बेटं फिरायची म्हटलं की सगळे इंजिन किती पॉवरचं, स्पीड किती मिळतो तेच विचारतात. नांगराचं कोणीच विचारत नाही, म्हणून हा अनुभव लिहितोय. मी, दादा आणि वहिनी, तीन दिवसात तीन बेटं, आणि रात्री झोपायचं बोटीवरच.

निघायच्या आधीची तयारी नीट केली होती. इंधनाचे तीन भाग धरायचे, एक जायला, एक यायला आणि एक राखीव, कारण येताना वारा आणि लाटा समोरून आल्या तर तेवढ्याच अंतराला बरंच जास्त इंधन जातं. कुठे कधी पोचणार ते किनाऱ्यावर घरच्यांना लिहून दिलं, रेडिओ चॅनल १६ वर, म्हणजे समुद्रात मदत मागायच्या चॅनलवर, लावून ठेवला.

पहिलं बेट मस्त झालं. ऊन डोक्यावर होतं, वहिनी पोलराइज्ड गॉगल लावून पुढे उभी राहिली आणि हाताने दाखवत गेली, फिकट दिसतं ती वाळू, काळपट दिसतं ते खडक नाहीतर शेवाळ. नांगर वाळूत टाकला, पहिल्या झटक्यात धरला.

दुसऱ्या दिवशी निघायला उशीर झाला आणि बेटाच्या आडोशाला पोचेपर्यंत संध्याकाळचे साडेसहा वाजले, ओहोटी जवळजवळ संपलेली. खोली मोजायच्या यंत्रावर ४ मीटर दिसले, खोलीच्या पाचपट साखळी सोडायची हे माहीत होतं, म्हणून २० मीटर सोडली आणि जेवून झोपलो.

रात्री पावणेएकला जीपीएसचा अलार्म वाजला, बोट जागेवरून सरकली की वाजतो तो. वारा फिरला होता, ज्या बेटाचा आडोसा घेतला होता आता त्याच बेटाकडे आम्हाला ढकलत होता. मी पुढे जाऊन साखळीवर हात ठेवला. नांगर धरलेला असला की साखळी ताणलेली आणि शांत लागते, ही मात्र खरखरत होती, मधेच एक धक्का, मग पुन्हा खरखर. तळावरून नांगर घासत येत होता ते हाताला सरळ कळत होतं.

चूक कुठे झाली ते तेव्हा लक्षात आलं. भरतीला पाणी २ मीटर चढलं होतं, आणि साखळी सुटते ते बोटीचं टोक पाण्याच्या वर आणखी १ मीटर, म्हणजे मोजायचे होते ७ मीटर आणि सोडायची होती ३५ मीटर साखळी. आमची २० म्हणजे तिप्पटही नाही. एवढ्या कमी साखळीत ओढ वरच्या दिशेला बसते आणि नांगर जमिनीतून उपटला जातो, आडवी ओढ बसली तरच तो रुतून राहतो. (साखळीऐवजी जास्त करून दोर असेल तर सातपट तरी धरा.)

दादा म्हणाला, "तू इंजिन सांभाळ, साखळी मी बघतो, घाई करू नकोस." टॉर्च घेऊन तो पुढे बसला, मी वाऱ्याच्या तोंडावर अगदी हळू पुढे घेत गेलो, नांगर वर आला तर त्याला शेवाळाचा मोठा गठ्ठा अडकलेला. वहिनीने हुकने तो सोडवला. किनाऱ्यापासून अजून लांब, मोकळ्या जागी नेऊन पुन्हा टाकला, ३५ मीटर सोडली आणि इंजिन हळूहळू रिव्हर्सला घालून ओढून बघितलं. संध्याकाळी आम्ही हे केलंच नव्हतं. बोट मागे जाता जाता अचानक थांबली, नाक खाली झुकलं, साखळी ताठ झाली. दादाने हात लावून बघितला आणि म्हणाला, "धरला."

नांगराचा पांढरा दिवा (नांगर टाकून थांबलेली बोट रात्री इतरांना दिसावी म्हणून लावतात तो) चालू आहे ना ते बघितलं आणि पहाटेपर्यंत दोन-दोन तास आळीपाळीने जागलो. सकाळी नांगर उचलताना तो सुटेचना, बोट बरोबर त्याच्या वर आणावी लागली, आणि वर आला तेव्हा पात्यावर घट्ट चिखल बसलेला. वहिनीने बादलीने धुतला, मग तिसऱ्या बेटाकडे निघालो.