मजा आधी जिभेवरची

‘गार भज्यांत काय मजा?’ असं आपण सहज म्हणतो, तेव्हा ‘मजा’ हा शब्द आपल्या मूळ अर्थाच्या अगदी जवळ असतो. फारसीत ‘मज़े’ म्हणजे चव. इराणमध्ये आजही चविष्ट पदार्थाला ‘खुशमज़े’ म्हणतात, बेचव पदार्थाला ‘बीमज़े’ आणि गमतीदार माणसाला किंवा किश्शाला ‘बामज़े’. म्हणजे चवीकडून आनंदाकडे जाणारी वाट फारसीतच पडली होती. मराठीत आनंदाचा अर्थ पुढे आला आणि चवीचा मागे पडला. तुर्कस्तान आणि लेबनॉनकडे मात्र हा शब्द ताटातच राहिला. तिथे पेयासोबत छोट्या बशांमधून जे पदार्थ मांडतात त्यांना ‘मेझे’ म्हणतात, ते याच शब्दाचं रूप.

1347 मध्ये बहमनी सत्ता आली आणि पुढे कित्येक पिढ्या दख्खनच्या दरबारी कारभारात फारसीचा वावर राहिला. तिच्याबरोबर अरबी शब्दही आले. ‘मौजमजा’ या जोडशब्दातली ‘मौज’ अरबी आहे आणि तिथे तिचा अर्थ लाट. लाट आणि चव असे दोन वेगळे अर्थ मराठीत एकाच सुखासाठी शेजारी येऊन बसले, हे मला फार सुंदर वाटतं. ‘लज्जत’ही अरबीच, तिने मात्र सुख आणि स्वाद दोन्ही सोडले नाहीत, म्हणून लोणचं जेवणाची लज्जत वाढवतं.

चुका होतात त्या लिंगात. फारसीत नामांना लिंग नाही, त्यामुळे ते प्रत्येक भाषेने आपापलं ठरवलं. हिंदीत ‘मज़ा’ पुल्लिंगी, मराठीत ‘मजा’ स्त्रीलिंगी. ‘पडदा’ही फारसीतूनच आला, पण तो मराठीत पुल्लिंगी राहिला, म्हणून ‘पडद्यात’. ‘मजा’ मात्र ‘शाळा’ या शब्दाच्या वळणाने चालते, ‘शाळेत’ तसं ‘मजेत’. ‘मजा आला’ हे हिंदीच्या कानाने बोललेलं मराठी. ‘मजा आली’ असंच म्हणावं.

दुसरी गफलत लिहिण्यातली. जोर देऊन बोलताना ‘ज’ दुप्पट होतो आणि लोक ‘मज्जा’ लिहितात. बोलण्यात ते छानच वाटतं, संवाद लिहितानाही चालेल. पण संस्कृत ‘मज्जा’ वेगळी: ती हाडांच्या पोकळीतली, आयुर्वेदाच्या सात धातूंमधली सहावी. ‘मज्जारज्जू’, ‘मज्जासंस्था’ हे शब्द तिच्यावरून आले. उच्चारही निराळा. ‘मजा’तला ‘ज’ ‘जाड’मधला, ‘मज्जा’तला ‘राजा’मधला. जाहिरातीत किंवा निमंत्रणपत्रिकेत लिहायचं असेल तर एकच ‘ज’ ठेवावा.