गाडी टायर खाते तेव्हा : आमची वाटचाल

वडिलांनी बेळगावात उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीच्या बाहेर, खानापूर रोडला टायरचं दुकान टाकलं तेव्हा भांडवल म्हणजे एक कॉम्प्रेसर आणि ट्यूब बुडवायला पाण्याचं घमेलं. गिऱ्हाईक फौंड्रीतले कामगार. पुढं जीपगाड्या यायला लागल्या, तशी सुतळी आली. मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत सुतळी ताणायची, टेपनं फरक मोजायचा आणि टायरॉड, म्हणजे स्टिअरिंगपासून चाकाला जोडलेला दांडा, फिरवायचा. सुतळीचं टोक धरायचं काम माझं.

चाकं सरळ रेषेत बसवायच्या या कामाला अलाइनमेंट म्हणतात. त्याचं कॉम्प्युटरचं मशीन मी घेतलं, कर्ज काढून. १ नोव्हेंबर २०१४ ला शहराचं नाव कागदोपत्री बेळगावी झालं, त्यानंतरचं. बोर्ड तेव्हापासून तीनदा रंगवून झाला. आता वर साठ टक्के कन्नड, खाली मराठी, आणि दोन्हीकडं शब्द एकच : अलाइनमेंट.

मशीन आलं आणि मला शिंगं फुटली. गाडी आली की चढव, हिरवा आकडा, म्हणजे माप बरोबर, आला की उतरव, पैसे घे. त्यातच जांबोटी भागातली एक पिकअप आली. बेळगावातनं रात्री भाजी भरून चोर्ला घाटातनं गोव्याला जाणारी. अलाइनमेंट करून दिलं. महिन्याभरात मालक परत हजर. "अण्णा, आतनं टक्कल पडलंय बघा टायरला. नवी जोडी होती की!"

गाडी परत मशीनवर घेतली तर आकडे सगळे हिरवे. मी मशीनकडं बघतोय, मशीन माझ्याकडं. वडील चहाचा कप ठेवून उठले, टायरवरनं तळहात फिरवला. आतनं बाहेर हात गुळगुळीत गेला, बाहेरनं आत येताना नक्षीच्या कडा करवतीसारख्या बोटाला लागल्या. म्हणजे चालताना चाकं पुढच्या बाजूला फाकत होती. "जॅक लाव," एवढंच म्हणाले. चाक उचललं. घड्याळातल्या तीन आणि नऊच्या जागी हात धरून हलवलं, तर टक् टक्. टायरॉडच्या टोकाच्या सांध्याला, एंडला, प्ले म्हणजे ढिलेपणा. उभ्या गाडीचं माप बरोबर यायचं, पण रस्त्यावर चाक मागं रेटलं गेलं की सांधा सुटायचा आणि चाक फाकायचं. मशीन तरी काय करणार, ते उभ्या गाडीचंच माप घेतं.

एंड बदलला, अलाइनमेंट फुकट करून दिलं. टायरची जोडी मात्र त्या माणसाच्या खिशातनं गेली. ते अजून खुपतं.

तेव्हापासून चाक हलवल्याशिवाय गाडी मशीनवर चढत नाही. बारा-सहाला धरून हललं तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट. प्ले असेल तर आधी तो काढा, मग या. यावरनं काही गिऱ्हाईकं तुटली. "शेजारचा वीस मिनिटांत सोडतो," म्हणून गेली, त्यातली निम्मी परत आली.

टायर वाचायला वेळ लागतो, पण तो बोलतो. दोन्ही कडा घासल्यात आणि मधली नक्षी शाबूत, तर हवा कमी. मधलाच पट्टा गेलाय, तर हवा जास्त. जागोजागी खोलगट वाट्या पडल्यात, तर शॉकअप गेलाय किंवा बॅलन्सिंग नाही. घाटातल्या गाड्यांत हवेचंच दुखणं जास्त. घाट उतरून थांबलेल्या गरम टायरमध्ये काटा चार-पाच पौंड जास्त दाखवतो, ड्रायव्हर घाबरून सोडतो, आणि सकाळी गार टायर मऊ पडलेला असतो. त्यावर परत भाजीचा लोड. म्हणून आम्ही सांगतो, हवा गार असतानाच बघा, आणि गाडी भरणार असाल तर कंपनीनं लोडसाठी दिलेला आकडाच धरा. हवा तपासायचे पैसे आम्ही घेत नाही. गेज दोरीनं खांबाला बांधलाय, आधीचे दोन गेले.

दर आठ-दहा हजार किलोमीटरला चाकं पुढं-मागं करून घ्या म्हटलं की लोक हसतात. भाजीवाले आता हसत नाहीत. एकामागं एक त्यांच्याच सांगण्यावरनं पिकअप येत गेल्या, आणि मशीनचे हप्ते फिटले ते त्यांच्या जिवावर.

वडील आता दुकानात खुर्ची टाकून बसतात. गाडी आत शिरताना कुठनं आवाज आला की माझ्या आधी तेच उठतात, आणि मालकाला म्हणतात, "जरा थांबा पावणं, चाक बघू द्या."