हंगामाची पहिली स्प्रिंट ट्रायथलॉन: पंख्याने केलेली फसवणूक

आधी आकडे, कारण दुसऱ्यांच्या नोंदी वाचताना मीही तेच शोधते. ७५० मीटर पोहणं १९:४०, टी-वन (पोहणं संपवून सायकलवर बसेपर्यंतची तयारी) ३:५२, २० किमी सायकल ४४:१०, टी-टू (सायकल ठेवून पळायला लागेपर्यंत) १:३१, ५ किमी पळणं ३२:०५. एकूण १ तास ४१ मिनिटं १८ सेकंद. मनात धरला होता १ तास ३५. म्हणजे सहा मिनिटं अठरा सेकंद सांडली. त्यातली तीन मिनिटं पाच सेकंद पळण्यात, एक मिनिट बावन्न सेकंद टी-वनमध्ये, पोहण्यात आणि सायकलवर प्रत्येकी चाळीस सेकंद. टी-टूमध्ये फक्त एक सेकंद जास्त लागला, त्याबद्दल माझी पाठ मीच थोपटून घेते, दुसरं कोणी थोपटणार नाही.

स्पर्धा नवी मुंबईत, दसऱ्यानंतरच्या रविवारी. छोटीच होती, पोहणं जलतरण तलावात. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, स्प्रिंट म्हणजे ऑलिम्पिक अंतराच्या निम्मी. सिडनीला २००० साली ट्रायथलॉन पहिल्यांदा ऑलिम्पिकमध्ये आली तेव्हापासून तिथलं अंतर १५०० मीटर, ४० किमी आणि १० किमी. आमच्या सोसायटीत मात्र मी 'ती तीन-तीन खेळ एकदम करणारी' म्हणूनच प्रसिद्ध आहे.

मुंबईतून पाऊस परतायची सरासरी तारीख ८ ऑक्टोबर धरतात. त्यामुळे आपल्याकडे हंगामाची पहिली स्पर्धा आणि ऑक्टोबर हीट हातात हात घालून येतात. हे मला तोंडपाठ होतं. तरी तयारी कशी केली, तर जून ते सप्टेंबर सायकल ट्रेनरवर (जागच्या जागी सायकल चालवायचा स्टँड), हॉलमध्ये, उभा पंखा समोर तीनवर. घोडबंदर रोडवर मेट्रोची कामं, खड्डे, विटाव्याच्या पुलाखाली पाणी, कोण बाहेर काढणार सायकल? पळणं पहाटे साडेपाचला, तेही बहुतेक दिवस पावसातच. पावसात पळायची आपल्या ठाण्याला हौस आहेच, वर्षा मॅरेथॉन काय उगाच भरते का! ऑगस्टमध्ये एकदा नुसते ५ किमी २७:३० मध्ये पळाले आणि तेव्हापासून हवेत होते. भिजलेल्या, गार झालेल्या अंगाने काढलेली ती वेळ आहे, ही गोष्ट मी सोयीस्करपणे विसरले.

नवरात्रात उपास केला नाही. सासूबाईंनी विचारलं तेव्हा म्हटलं, देवीला सांगून ठेवलंय. त्या म्हणाल्या, "तिला चालेल गं, तुझ्या मावससासूला कोण सांगणार?"

आदल्या रात्री मुगाची खिचडी, पहाटे चहा आणि एक केळं. साडेपाचला सायकल रॅकला लावली. टायर ८५ पीएसआय, माझ्या वजनाला पुरतात. हँडलच्या मधल्या भागावर चार टिकल्या चिकटवल्या. सायकलच्या चार फेऱ्या होत्या. फेरी संपली की एक टिकली काढून घड्याळाच्या पट्ट्यावर लावायची, म्हणजे मोजणी चुकत नाही. घड्याळ मोजतंच, पण घामाने ओल्या बोटांनी बटणं दाबत बसण्यापेक्षा टिकली बरी. शेजारच्या रॅकवाल्याने विचारलं, "ताई, हे काय, पूजा?" दहा मिनिटांनी तोच एक टिकली मागायला आला.

बायकांची वेव्ह, म्हणजे एकदम सोडायची तुकडी, सगळ्यात शेवटी, सव्वासातला. पुरुषांच्या सगळ्या वेव्ह आधी सोडल्या. का, ते कोणी सांगितलं नाही. आमच्यातल्या एकीने माईकवाल्याला विचारलं तर "मॅडम, शेड्यूल आहे," एवढंच उत्तर. शेड्यूल होतं हे खरं, पण त्याचा अर्थ असा की पुरुष सात-सव्वासातच्या उन्हात पळाले आणि आम्ही साडेआठच्या.

पोहण्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही, एक गोष्ट सोडून. मी महापालिकेच्या तलावात, लेडीज बॅचला, २५ मीटरमध्ये पोहते. स्पर्धेचा तलाव ५० मीटरचा. ७५० मीटर म्हणजे माझ्या तलावात एकोणतीस वेळा भिंतीला पाय देऊन फुकटचा धक्का मिळतो, इथे फक्त चौदा वेळा. ते चाळीस सेकंद तिथेच गेले. दुसरी गंमत म्हणजे पन्नासच्या पंधरा फेऱ्या, आणि पंधरा ही विषम संख्या, त्यामुळे संपायचं ते समोरच्या टोकाला. मध्येच माझं नऊ की अकरा असं झालं. नऊ की दहा असं होणं शक्यच नव्हतं, कारण मी कुठल्या भिंतीशी आहे ते दिसत होतं. चूक झाली तर दोनाचीच होणार. मी कमी धरले, म्हणजे नऊ. भिंतीवरच्या मुलीने तेराव्या वेळी दोन बोटं दाखवली, म्हणजे दोनच उरल्या, तेव्हा जीव भांड्यात पडला.

टी-वन. तलावापासून सायकलपर्यंत साधारण दोनशे मीटर पेव्हर ब्लॉकवर अनवाणी. पोचले आणि घाईत आधी सायकलला हात घातला. हेल्मेट डोक्यावर होतं, पण पट्टा लावलेला नव्हता. "ताई, आधी बक्कल! सायकल परत लावा!" नियम आपल्या सगळ्यांना पाठ आहे, बक्कल बंद झाल्याशिवाय सायकल रॅकवरून हलवायची नाही. मी स्वतः दोन नवीन पोरींना हे शिकवलंय. सायकल परत लावली, बक्कल लावलं, आणि मग मोजे.

मोज्यांपायी सव्वा मिनिट गेलं. ओल्या पावलावर मोजा चढत नाही, हे पावसाळ्यात शाळेत गेलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. अंगठ्यापाशी गुंडाळी होते, टाच वर येत नाही, जोर लावला की अख्खा मोजा फिरतो आणि टाचेची जागा घोट्यावर येते. मी एका पायावर उभी राहून हे करत होते. मग खाली बसले. बसल्यावर नंबरचा पट्टा फिरून पाठीमागे गेला, जो सायकलवर मागेच हवा असतो. तेवढं एक काम आपोआप झालं. पुढच्या वेळी मोजे आतून पावडर टाकून, अर्धे उलटे गुंडाळून ठेवणार. स्प्रिंटला मोजे घालूच नका म्हणणारे आहेत. त्यांनी माझ्या टाचा पाहिलेल्या नाहीत.

सायकलची फेरी ५ किमीची, अडीच जायचं, अडीच यायचं, म्हणजे चार फेऱ्यांत सात यू-टर्न. खाडीच्या बाजूला कांदळवन, रस्ता सपाट, सकाळी रहदारी वळवलेली. फ्लेमिंगो अजून आले नव्हते, त्यांचा हंगाम आमच्यानंतर सुरू होतो. सरळ रस्त्यावर मी खूश होते, पाय ट्रेनरवर होते तसेच चालत होते. वळणावर मात्र चार महिन्यांचं पितळ उघडं पडलं. ट्रेनरवर वळण नसतं! शंकू दिसले की मी वीस मीटर आधीपासून ब्रेक धरायचे, क्लीट (बूट पॅडलला अडकवणारी खाच) सोडून एक पाय बाहेर, म्हातारीसारखं वळून, मग जड गिअरमध्येच उभं राहून रेटा द्यायचे, कारण वळायच्या आधी गिअर हलका करायचं सुचलंच नाही. पाचव्या वळणावर एक मुलगी माझ्या आतून सर्रकन गेली. तिचा आतला पॅडल वर, मान वळणाच्या बाहेर पडायच्या दिशेला, गिअर आधीच उतरवलेला. प्रत्येक वळणाला पाच-सहा सेकंद धरा, सातांचे चाळीस होतात. हिशेब जुळला. सहाव्या-सातव्या वळणाला मी तिची नक्कल केली आणि पडले नाही.

ड्राफ्टिंग, म्हणजे पुढच्याच्या आडोशाने वारा चुकवत जाणं, बंद; पुढच्या सायकलपासून दहा मीटर अंतर ठेवायचं. पुढे जायचं तर वीस सेकंदांत ओलांडून मोकळं व्हायचं. ते सगळ्यांनी बऱ्यापैकी पाळलं. माझ्या ५०० मिलीच्या बाटलीत लिंबू, साखर, मीठ होतं. त्यातलं निम्मंच प्यायले. तहानच लागली नाही, अंगाला घामही जाणवला नाही. मनात म्हटलं, वा, आज अंग गार आहे.

हीच ती फसवणूक. ताशी २७ किलोमीटरने जाताना समोरचा वारा आपणच तयार करत असतो. घाम येतो भरपूर, पण येता येता वाळतो आणि अंग गार ठेवतो. चार महिने हॉलमधल्या पंख्याने माझ्यासाठी नेमकं हेच केलं होतं, त्यामुळे शरीराला वेगळं काही जाणवायचं कारणच नव्हतं. टी-टूमध्ये सायकल लावली, हेल्मेट काढलं, बूट बदलले, पट्टा पुढे फिरवला, आणि बाहेर पडल्यावर पन्नास पावलांत कोणीतरी पंख्याचं बटण बंद केल्यासारखं झालं. तासाला दहा किलोमीटरच्या पळण्याला वारा तो कितीसा! हवेत दमटपणा इतका की घाम वाळतच नव्हता, नुसता ओघळत होता, आणि ओघळलेला घाम अंग गार करत नाही. रक्त एकीकडे पायांना हवं, दुसरीकडे कातडीला उष्णता बाहेर टाकायला हवं, मधल्यामध्ये हृदयाची पळापळ.

पहिला किमी ५:५०, अगदी ठरवल्यासारखा, तेव्हा वाटलं जमतंय. दुसरा ६:१०. तिसरा ६:४०, नाडी १७८. चौथा ६:५८, आणि त्यात थोडं चालले. सावली म्हणाल तर एका होर्डिंगची, तीही रस्त्याच्या पलीकडे. पाण्याच्या टेबलावर एका शाळकरी पोराने पेला पुढे केला, मी तो थेट डोक्यावर ओतला. ते पाणी नव्हतं. संत्र्याच्या स्वादाचं साखर-मिठाचं पाणी होतं. डोळ्यांत गेलं, मानेवरून आत उतरलं, चिकट झालं सगळं. पोरगा घाबरून म्हणाला, "काकू, ते प्यायचं होतं." दुसरा पेला त्याने स्वतः चाखून बघितला आणि मग दिला. तो साध्या पाण्याचा होता, तोही डोक्यावरच गेला. तिसरा प्यायले.

वळसा घालताना बंदोबस्ताच्या हवालदारांनी विचारलं, "अजून किती आहे ताई?" दीड किलोमीटर म्हटलं. "मग आता काय, आलंच की," असं ते सावलीतल्या खुर्चीत बसून म्हणाले. शेवटचा किमी ६:२७, तो त्यांच्यावरच्या रागाने पळाले असं म्हणायला हरकत नाही.

पदक, पोहे, फोटो. फोटोत घड्याळाच्या पट्ट्यावर चार टिकल्या आणि केसांत वाळलेली साखर. नवऱ्याचं म्हणणं, सायकलवर तू हसत होतीस आणि पळताना बँकेत रांगेत उभी असल्यासारखी दिसत होतीस.

आता पुढचं. जानेवारीत ऑलिम्पिक अंतर करायचंय, आणि जमलंच तर पुढच्या वर्षी गोव्याची ७०.३. (हा आकडा तिन्ही अंतरं मिळून मैलांचा. आपल्या मापात १.९ किमी समुद्रात, ९० सायकल, २१.१ पळणं.) शरीराला उष्णतेची सवय व्हायला साधारण दहा ते चौदा दिवस रोज थोडं तापावं लागतं, हे वाचलेलं होतं, केलेलं नव्हतं. स्पर्धेआधी दोन आठवडे मी ऑफिसच्या एसीत आणि घरच्या पंख्यात काढले. म्हणून आता आठवड्यातून तीन पळणी सकाळी आठनंतर, हळू, नाडी बघत, पाण्याची बाटली हातात. पहिल्या दिवशी किमीला ७:१० च्या पेसलाच नाडी १६५ झाली, लाज वाटली, पण घड्याळाकडे न बघता पूर्ण केलं. चक्कर किंवा शहारे आले तर तिथेच थांबायचं, एवढा एकच नियम कडक ठेवलाय. पावसाळ्यात ब्रिक, म्हणजे सायकलनंतर लगेच पळायचा सराव, मी फक्त दोनदा केलं होतं, तेही ट्रेनरवरून उतरून पावसात पळायला. आता रविवारी सायकल संपवून लगेच उन्हात दोन किमी.

वळणांसाठी कोलशेतच्या बाजूला सकाळी मोकळा असलेला एक रस्ता सापडलाय. दोन चपला आठ मीटर अंतरावर ठेवायच्या आणि त्यांच्याभोवती इंग्रजी आठच्या आकड्यात फिरत राहायचं. डावीकडे बरं जमतं, उजवीकडे अजून पाय बाहेर येतो. काल एका कुत्र्याने उजवी चप्पल पळवली, त्यामुळे सराव तिथेच संपला आणि घरी एका चपलेने आले.

पंखा सासूबाईंच्या खोलीत गेला. त्यांनी तो लगेच पाचवर करून बघितला आणि म्हणाल्या, "जूनमध्ये परत मागायला येऊ नकोस हं."